चिंध्यांचं गाठोडं

शिंपीणबाईंच्या हाताला वळण असं, की त्यांनी शिवलेलं अंगात घातलं की कुबड्या माणूसही ताठ दिसायचा. पण स्वभाव संशयी, अगदी कात्रीसारखा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कापड मोजायच्या, आणि कपडा देताना उरलेली चिंधीन्‌चिंधी गाठोड्यात बांधून परत करायच्या. बोटभर तुकडा ठेवून घेतील तर शपथ.

त्याला कारण नणंद. तिनं एकदा चर्चमधल्या बायकांत सोडून दिलं होतं, "आमची वहिनी कापड मारते." झालं. बायका न शिवलेली कापडं परत घेऊन गेल्या, मशीन मुकं झालं. तेव्हापासून प्रार्थनेत 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की बाईंना खोकला यायचा. नेमका त्याच ओळीला. नवरा म्हणायचा, "देवाला कळतं हो, खोकला छातीत आहे की मनात."

आणि एक दिवस तीच नणंद दारात. काखेत पांढरंशुभ्र कापड, लेकीच्या लग्नाच्या झग्याचं.

एवढे शिंपी पडलेत, मग माझ्याकडेच का? बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"मोजते हं."

"मोज की."

मोजलं, तर सांगितल्यापेक्षा हातभर जास्त. बाईंनी टेप खाली ठेवला. हा तर सापळाच.

"हे जास्तीचं कशाला?"

"तुला. तुझ्या नातीला झबलं शीव." नणंदेची मान खाली. "तेव्हा मी खोटं बोलले, वहिनी. आई उठता-बसता तुझ्या शिवणीचं कौतुक करायची, मला बघवेना. माफ कर मला."

"आणि उद्या म्हणालीस, वहिनीनं कापड ठेवून घेतलं, तर?"

"तुला तसं वाटणारच."

"वाटतंच आहे."

नणंद रडली नाही की पाया पडली नाही. चहा प्यायली आणि गेली.

झगा शिवला, पण तो जास्तीचा तुकडा बाईंकडे टकामका बघत राहिला. परत बांधून दिला की आपण सुटलो, बोलायला कुणाला जागा नाही. पण मग माफ काय केलं? प्रभूनं आपल्याला माफ केलं, तेव्हा आधी आपल्याकडून चिंध्या मोजून घेतल्या होत्या का?

नणंद न्यायला आली, तेव्हा बाईंनी नुसता झगा तिच्या हातात दिला.

"गाठोडं?"

"ठेवलं माझ्याकडे. झबल्याला."

नणंद नुसती बघत राहिली, आणि बाई तिच्या बघण्याकडे बघत राहिल्या.

रविवारी प्रार्थनेच्या आधी नणंद शेजारणीच्या कानाला लागली होती. काय सांगत असेल, कोण जाणे. बाईंनी कान टवकारले, काही ऐकू येईना. तेवढ्यात प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली. घशात खवखवलंच. बाईंनी आवंढा गिळला आणि ओळ म्हटली, सगळी. एक डोळा मात्र नणंदेवर उघडाच होता.