निशाणाची दोरी

समुद्रकाठच्या पोर्थगरन गावात चोरटा माल पकडणाऱ्या जकातीच्या नौकेला सगळे मांजर म्हणायचे, आणि त्या मांजरीवर चाकरी करणारा गावातलाच माणूस म्हणजे उंदराहून खालचा. कारण फ्रान्सहून चोरून आणलेली ब्रँडी पाद्र्यापासून सुईणीपर्यंत सगळ्यांच्याच घरात होती. तरी एनक ट्रेवास आणि त्याचा धाकटा भाऊ पास्को तिथे चाकरीला लागले. त्यांच्या बापाची मासेमारीची होडी फ्रेंच लुटारूंनी भर दुपारी ओढून नेली होती आणि बाप त्या धक्क्यानेच गेला. या लुटारूंना पकडणारी आसपास एकच नौका होती, मांजर. मग दुसरं काय करणार होते ते?

पास्को तोफेवर, आणि एनक निशाणाच्या दोरीवर. हसू नका, दोरी म्हणजे लहान काम नाही. फ्रेंच लुटारू काय, खोटी निशाणं लावून फिरायचे, कोण कुणाचं ते कळायचंच नाही. म्हणून कायदाच होता की जकातीचं निशाण डोलकाठीवर चढल्याशिवाय पहिला बार काढायचा नाही. सतरा वर्षांत एनककडून एकदाही चूक झाली नव्हती.

त्या दिवशी दुपारीच धुकं उतरलं आणि धुक्यात सॅम्पसन हॉकिनचं गलबत दिसलं, पिंपांनी गच्च भरलेलं. सॅम्पसन म्हणजे यांच्याच गल्लीतला, लहानपणी पास्कोला पोहायला त्यानेच शिकवलेलं.

"निशाण खालीच ठेव," कप्तान लॉसन म्हणाला. "दिसलं तर पळतील. मी सांगीन तेव्हा चढव."

"साहेब, पण बार..."

"मी सांगीन तेव्हा."

एनक दोरी धरून उभा राहिला. गलबत जवळ आलं आणि कप्तानाचा धीरच सुटला. आधी बार काढायला लावला आणि मग ओरडला, चढव. तेवढ्यात समोरूनही एक गोळा आला आणि पास्को पडला.

पास्कोचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती.

सॅम्पसन पकडला गेला. खुनाचा खटला उभा राहिला. सॅम्पसनचं म्हणणं एकच, निशाण नव्हतं, आम्हाला वाटलं फ्रेंच आले, आम्ही जीव वाचवला. कप्तान शपथेवर सांगून मोकळा झाला की निशाण वर होतं. आता सगळं एनकवर आलं. वर होतं म्हणाला तर सॅम्पसन फासावर, नव्हतं म्हणाला तर सॅम्पसन पिंपांचा दंड भरून घरी.

साक्षीच्या आदल्या दिवशी पास्कोची बायको केझिया एनकच्या दारात आली.

"भावजी, तुम्ही काय सांगणार?"

"वर होतं म्हणून सांगणार."

"बायबलवर हात ठेवून?"

"हो."

"तुम्ही तर चहात साखर जास्त पडली तरी प्रार्थनेत कबूल करता."

"केझिया, मी सांगणार. तो माझा भाऊ होता."

ती रडली नाही. नुसती मान हलवून गेली. आणि एनक रात्रभर एकच वाक्य घोकत बसला, वर होतं साहेब, वर होतं.

कोर्टात सॅम्पसनचा वकील उठला. चष्मा पुसत होता, जांभई आल्यासारखा. एनकने वाक्य तयारच ठेवलेलं. पण वकिलाने निशाणाचं विचारलंच नाही.

"मिस्टर ट्रेवास, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं. तुम्ही दोरी ओढत होतात तेव्हा तो कुठे होता?"

बस, एवढंच. आणि एनकला कोर्ट दिसेना. त्याला फक्त दोरी दिसली, ओली दोरी, आणि खाली पास्कोचा हात, त्याच्या बुटाला धरलेला. बूट सोडवून घ्यायचा की दोरी ओढायची हे त्याला त्या वेळीही कळलं नव्हतं.

"माझ्या पायाशी," तो म्हणाला. "पडला होता. माझा बूट धरला होता त्याने. मी... मी दोरीच ओढत राहिलो."

भाऊ पडला तेव्हा निशाण अजून चढायचंच होतं, हे सगळ्या कोर्टाने ऐकलं. वकिलाने चष्मा लावला आणि खाली बसला.

सॅम्पसन सुटला. कप्तानाने वरच्या साहेबांना लिहून कळवलं की दोरीवरचा माणूस आळशी निघाला, हुकूम वेळेवर दिला होता. कप्तान राहिला, एनकला काढलं.

आणि गाव? गावाने त्याला डोक्यावर घेतलं हो. सतरा वर्षं जे त्याला बघून थुंकायचे ते टोपी काढायला लागले. "शेवटी आपलाच निघाला," लोहार म्हणाला. "रक्त आहे गावाचं." सुईण म्हणाली, "भावापेक्षा गाव मोठं मानलंस रे एनक." त्याने कुणाला सांगायचं की मी काही मानलं नाही, मी मोठं काही केलं नाही, माझ्या तोंडून माझा भाऊ बाहेर पडला फक्त.

आठवड्याने सकाळी दार उघडलं तर पायरीवर गवतात गुंडाळलेलं ब्रँडीचं छोटं पिंप. कुणी ठेवलं ते विचारायची गरज नव्हती. तो बघत उभा राहिला आणि नेमकी केझिया गल्लीतून वर येत होती, खटल्यानंतर पहिल्यांदाच, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी खायचं घेऊन. तिने पिंप बघितलं. मग त्याच्याकडे.

"चांगली आहे का हो भावजी?"

"केझिया, ऐक..."

"नाही, चांगलीच असणार. सॅम्पसन हलकी कधी देत नाही."

फडकं हातात तसंच घेऊन ती वळली.

एनक कुऱ्हाड घेऊन आला आणि पिंप तिथेच पायरीवर फोडलं. शेजारचे बाहेर आले, कुणीतरी म्हणालं, अरे वाया घालवतोस लेका. केझियाचं घर उताराला, खालच्या बाजूला. ब्रँडी दगडांवरून वाहत, गल्लीतून वळत थेट तिच्या उंबऱ्याशी जाऊन थांबली.

ती झाडू घेऊन बाहेर आली. वर एकदाही न बघता तिने ती ब्रँडी समुद्राकडे लोटली.

पिंप अजून येतं, दरवर्षी पास्को गेला त्याच दिवशी. एनक फोडतो. केझिया झाडते. दोघं बोलत नाहीत.