वारा न मानणारे भावोजी

बोईसर स्टेशनापासून दांडीच्या किनाऱ्यापर्यंत वाऱ्याचं अस्तित्व न मानणारा एकच माणूस झाला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर. समुद्रावरच्या वाऱ्यानं डोक्यावरची टोपी उडाली तरी भावोजी म्हणणार, वारा तूर्त नगण्य धरू. जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे घर्षण, उतार, नातेवाईक असं जे जे हिशेबाच्या आड येईल ते नगण्य ठरवायची सवय हाडात मुरलेली. जाऊबाईंचा राग तेवढा वगळत नसत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ते मुख्य बल आहे, वहिनी." एकदा सालवडला जाताना रिक्षा खड्ड्यांतून उसळत होती आणि हे मागे बसून किती वेळात पोचू त्याचं गणित मांडत होते. रिक्षावाल्यालाही त्यात ओढावं म्हणून आपलं मराठी हिंदीत घालून म्हणाले, "भैया, रास्ता सपाट पकडो." तो मान न वळवता म्हणाला, "सपाट आप पकडो सर, मैं हॅन्डल पकडता हूं."

नवी नवरी होते तेव्हा मला हे सगळं थोतांड वाटे. मी पालघरहून बीए होऊन आलेली. अक्कल आपल्याबरोबरच या गावात उतरली अशी माझी ठाम समजूत. भर पंगतीत मी त्यांना सुनावलं, की जगात जे नाहीच ते तुम्ही पोरांना शिकवता. मी स्वतः मात्र माझ्या कवितेत मासळीवालीच्या तराजूला न्यायदेवता म्हणत होते, आणि ती मला रोज आपल्या अंगठ्याचं वजन विकत होती. भावोजींनी भाताचं पातेलं तेवढं माझ्याकडे सरकवलं.

आमची खरी जुंपली ती अलीकडे, विहिरीवरून. वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नळ आले तरी आमची डाळ शिजते ती विहिरीच्याच पाण्यावर, आणि खालच्या आळीतल्या कोळणी प्यायचं पाणी इथूनच नेतात. मला मोगरा वाढवायचा होता, म्हणून मोठी मोटर हवी होती. भावोजींनी पायरीवर खडूनं चित्र काढलं. खाली समुद्राचं खारं पाणी, त्यावर तरंगणारं पावसाचं गोडं. वरून वीतभर उपसलं की खालचं खारं कितीतरी हात वर चढतं. जमीन म्हणजे सगळी एकसारखी वाळू धरलेली. मी पायरीखाली बोई मासे साफ करत बसले होते, तिथूनच विचारलं, की यात खडक कुठाय, चिकणमाती कुठाय, माझ्या नारळांची मुळं कुठायत? म्हणाले, सोडली. मग चित्र खोटं, मी म्हटलं.

"वहिनी, खवलं काढलीत म्हणून मासा खोटा झाला?"

"काटा ठेवते ना पण."

"मीही काटाच ठेवलाय."

खालच्या आळीतून विहिरीवर कळशी भरायला आलेली काशीबाय हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "बाय, मोगरा नाय फुलला तर तुमची वेणी उपाशी ऱ्हाईल. ही बाव खारी झाली तर आमी पियाचं काय?" मी उरलेले बोई साफ करायला घेतले. मोटर घ्यायची राहिली, मोगऱ्याचं एकच रोप लावलं, कळशीनं पाणी घालण्यापुरतं.

शेजारच्या वाडीत मात्र ती आली. तिथलं पाणी पावसाळ्यापर्यंत टिकेल असा भावोजींचा हिशेब होता, पण होळी झाली न झाली तोच पाणी खारं होऊन त्या घरचा चहा फाटू लागला. नातवंडं असलेली बाई मी, पण ही चूक सांगायला पोरीसारखी धावत गेले. भावोजी म्हणाले, "आकडा चुकला. खडकाला भेग असेल, ती मी धरली नव्हती. कारण मात्र तेच, वहिनी." आवाजात जिंकल्याचा आनंद अजिबात नव्हता. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी येऊन आमच्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखू लागले.

यंदाच्या आजारपणात त्यांच्या तोंडाची चव गेली. तरी काठी टेकत येतात, ओंजळ पितात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मग मी चाखते आणि सांगते, गोड आहे, भावोजी. उन्हाळ्यातल्या एखाद्या सकाळी जिभेच्या टोकाला जरा निराळं लागतं. ते मी त्यांना सांगत नाही. त्या दिवशी मोगऱ्याला पाणी घालत नाही, इतकंच.