फोमच्या झाडाचं वजन

डिसेंबरचा पहिला रविवार. वजन चारशे बारा ग्रॅम. हजर – मी, पत्नी सुनंदा आणि सातवीतली मुलगी स्वरा. ठिकाण अंथुर्णे, आमची ओसरी. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... म्हणून आधी आकडेच देतो.

बारामतीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी स्वरानं परग्रहावरचं एक मांसाहारी झाड बनवलं होतं. बागेतल्या पेरूंना घालतो त्या फोमच्या जाळ्या, तार आणि हिरवा रंग, एवढंच. नाव ठेवलं गिळू. तक्त्यावर लिहिलं, हे झाड किडे खाते. मी म्हणालो, किती खातं तेही लिही, आकड्याशिवाय कोण खरं मानणार? ती म्हणाली, मग तुमीच सांगा. मी सहज सांगून टाकलं – रोज चार ग्रॅम.

पुढच्या रविवारी सुनंदा म्हणाली, "ओसरीवर एक चिलट न्हाय, ध्यानात आलं का?" आणि स्वराला झाड जड लागत होतं. फवारणीची पावडर मोजायच्या काट्यावर ठेवलं. चारशे चाळीस. सात दिवस, अठ्ठावीस ग्रॅम.

मला वाटलं, आकडा खरा करायला पोरीनं आत वाळू भरली. संध्याकाळी तिच्या शाळेतल्या मॅडम प्रदर्शनाचं सामान न्यायला आल्या, तेव्हा त्यांच्यासमोर तसं बोललोही.

"पप्पा, मी काय बी भरलं न्हाय. उघडून बघा की."

मी उघडलं नाही. माझी खात्री होती. मॅडमनी प्रदर्शनाच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं.

झाड मी फवारणीच्या औषधांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. त्या वासानं तिथं झुरळही फिरकत नाही. तरी रोज सकाळी, घरात कुणाला कळू न देता, वजन करत होतो. चारशे चव्वेचाळीस, चारशे अठ्ठेचाळीस... शुक्रवारी चारशे साठ.

मग कात्रीनं उभं कापलं. आत तार आणि फोम. वाळूचा कण नाही. सगळे तुकडे एकत्र मोजले – चारशे बारा. वरचे अठ्ठेचाळीस ग्रॅम आले कुठून, गेले कुठं, हे मला आजही सांगता येत नाही.

पोरीवरचा आळ काढायला मॅडमना फोन लावला. गावात माझ्या मोजमापावर कुणी शंका घेत नाही. फोमचं झाड वाढलं, हे माझ्या तोंडून निघेना. म्हणालो, "आमचा काटा खराब निघाला, मॅडम."

स्वरा दारात उभी होती, हातात कापलेली जाळी घेऊन. रडली नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "काटा बरोबर हाय."

सोमवारी काटा घेऊन इंदापूरला गेलो. दुरुस्तीवाल्यानं एकेक वजन ठेवून पाहिलं. एका ग्रॅमचाही फरक नव्हता. "चांगला काटा हितं कशाला आणला, तात्या?" त्यानं विचारलं. मी तपासणीचे शंभर रुपये त्याला दिले.