थोरल्या जाऊबाईंचा घाम

माझ्या थोरल्या जाऊबाईंइतका घाम या पृथ्वीतलावर आजवर कोणालाही आलेला नाही. तुम्हाआम्हाला घाम येतो तो पाहुण्यासारखा, येतो आणि जातो. त्यांच्याकडे तो कायमचा राहायलाच होता. सोसायटीचं गेट ओलांडलं की केसांच्या मुळाशी सुरुवात व्हायची, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत कुंकवाला ओघळ फुटायचा, आणि पुढच्या चौकात पोचेपर्यंत ब्लाउजचा मूळ रंग कोणता होता हे फक्त खांद्याकडे बघून सांगता यायचं. मी हे सगळं शेजारून चालत वर्षानुवर्षं पाहिलं आहे. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही सानपाड्यात राहायला आलो तेव्हा दोघा भावांनी समोरासमोरच्या इमारतींत घरं घेतली. भाऊजींची नोकरी पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात, ह्यांची मुंबईला. दोघे सकाळी निघून गेले की भाजीपासून बँकेपर्यंतची पायपीट आम्हा दोघी जावांच्या वाट्याला यायची. मी त्यांना ताई म्हणते. त्या मला बहुतेक वेळा 'अगं' म्हणतात.

नवी मुंबई तेव्हा खरोखरच नवी होती. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या बाजूला ओळखीचं कोणी दिसलं तर हाक मारायच्या आधी विचार करावा लागे. झाडं लावलेली होती, पण ती लोखंडी जाळ्यांच्या पिंजऱ्यात, आमच्या कंबरेएवढी. सावली नावाची गोष्ट आमच्या भागात अजून पोचायची होती. त्यामुळे जिथे कुठे ती सापडेल तिथे ताई तिला पकडत. विजेच्या खांबाची सावली हातभर रुंद, पण ताई तिच्यातही आडव्या उभ्या राहून मावायचा प्रयत्न करत. जाहिरातीचा फलक लागला की तिथे मुक्काम. एकदा वाशीला जाताना वाटेत मार्केटला निघालेला एक ट्रक उभा होता. ताई त्याच्या सावलीत शिरल्या, पदराने वारा घेऊ लागल्या. तेवढ्यात ट्रक हळूहळू पुढे सरकू लागला, तर ताईही त्याच्याबरोबर चालायला लागल्या. क्लीनरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "मौसी, कुठे सोडू का?" तर ह्या म्हणाल्या, "नको रे बाबा, तू फक्त सावकाश चालव."

बाहेर पडताना त्यांचा सरंजाम असा असायचा: डाव्या खांद्यावर सेफ्टी पिनेने टाचलेला टर्किशचा नॅपकिन, पिशवीत वाळा घातलेल्या पाण्याची बाटली, हातात वेताचा पंखा, आणि पर्समध्ये ऊन लागू नये म्हणून एक कांदा. हा कांदा त्या भर जानेवारीतही बाळगायच्या. वाशीच्या एका दुकानात पैसे काढताना तो गडगडत काउंटरवरून थेट मालकाच्या पुढ्यात गेला. मालक भला माणूस. त्याने तो उचलून विचारलं, "बेन, कांदा बरोबर घेऊन फिरता?" ताईंनी तो शांतपणे परत पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "हा खायचा नाही, उन्हाचा आहे." त्यानंतर त्या दुकानात आम्हाला नेहमी आधी बसायला स्टूल मिळायचं.

नाक्यावर गावातली एक मासेवाली बसायची. ताई निथळत तिच्यासमोर उभ्या राहिल्या की ती टोपलीवरचा ओला फडका बाजूला करत म्हणायची, "काय गो बाय, आज पन खाडीतून पोहतच आलीस का?" ताई तिच्यावर कधी रागावल्या नाहीत. उलट म्हणायच्या, "हो गं, येताना तुझी कोलंबी भेटली. शिळी आहे म्हणत होती." मग दोघींचं भांडण रंगायचं आणि मी घड्याळ बघायची.

या घामाचा आणि वजनाचा काहीही संबंध नाही, हे ताईंचं ठाम मत होतं. वजन भरपूर होतं, ते त्यांनी कधी नाकारलं नाही. नाकारायच्या ते फक्त नातं. "म्हैस बघ," त्या भर रस्त्यात थांबून मला समजावत, "एवढं थोरलं अंग. तिला कधी घामाने निथळताना पाहिलंस? आणि घोडा बघ. पोट खपाटीला, तरी टांगेवाल्याला विचार कसा फेसाळतो ते." म्हैस चिखलात बसते आणि घोडा पळतो, असं मी म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तेच सांगतेय मी. चालण्याने घाम येतो, वजनाने नव्हे." माझ्या मते कारणं साधी होती. वजन हे एक कारण होतंच. जास्तीचं ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाला जास्त कष्ट पडणार. पण शिवाय त्या बारा महिने नायलॉनच्या साड्या नेसायच्या, कारण त्या लवकर वाळतात. आणि चालायच्या अशा, की मागून कोणी हाकलतंय. ऊन लागायच्या आत पोचायचं म्हणून धावायचं, आणि धावल्यामुळे ऊन जास्त लागायचं. सुती नेसा आणि सावकाश चाला, एवढंच माझं सांगणं. आमच्या डॉक्टरांचं सांगणं त्याहून थोडकं होतं. ताईंनी तक्रार सुरू केली की ते मान वर न करता "वजन कमी करा" म्हणायचे. एकदा ताईंनी मला दंडाला धरून पुढे केलं. "ही माझी धाकटी जाऊ. काडी आहे नुसती. हिलाही घाम येतो, विचारा." मी कबूल केलं, येतो. बाहेर आल्यावर मात्र म्हणाल्या, "तुला येतो त्याला घाम नाही म्हणत. ते दव."

वाशी स्टेशनवर वजनाचं यंत्र होतं, लाल-निळे दिवे लुकलुकणारं. नाणं टाकलं की वजन आणि भविष्य छापलेलं तिकीट बाहेर यायचं. त्याच्यासमोरून जाताना ताई तोंड फिरवत. "पैसे देऊन कोण अपमान करून घेईल? फुकट करणारी माणसं काय कमी आहेत?" हे त्या हसत म्हणायच्या, पण त्यात तथ्य होतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा गावी ओसरीवर बसलेल्या बायकांनी आम्हा दोघींना शेजारी उभं करून पाहिलं होतं. "धाकटी कशी छडीसारखी," एक म्हणाली. आणि सगळ्या ताईंकडे बघून हसल्या. त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ताईंची मोजणी माझ्या मापाने झाली. मी काही केलं नव्हतं, नुसती शेजारी उभी होते. त्यांनीही माझ्यावर कधी राग धरला नाही. फोटो काढताना मात्र त्या नेहमी मागच्या रांगेत जायच्या आणि कुणाचं तरी मूल उचलून समोर धरायच्या.

आणि एका वर्षी, गणपती झाल्यावर, ताई वाळू लागल्या. दिवाळीपर्यंत बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. सोसायटीत तर खळबळच उडाली. जिन्यात बायका अडवून विचारायच्या, "काय करता हो? आम्हालाही सांगा ना." ताई प्रत्येकीला वेगळं सांगायच्या: मेथीचं पाणी, संध्याकाळचा भात बंद, आणि धाकटीबरोबरचं चालणं. भात बंद वगैरे काही नव्हता. उलट दुपारी जेवून उठल्यावर तासाभरात त्या डब्यातल्या चिवड्याला हात घालत. वाशी स्टेशनवरचं ते यंत्र आता त्यांचं देवस्थान झालं. प्रत्येक वेळी नाणं टाकून तिकीट घेत आणि मला भविष्य वाचून दाखवत. एवढं कौतुक होतंय म्हणून दृष्ट लागेल या भीतीने दर शनिवारी मीठ-मोहऱ्या घेऊन आरशासमोर उभ्या राहून स्वतःची दृष्ट स्वतःच काढायच्या. अशी स्वतःच काढलेली दृष्ट लागू पडते का, हे मला माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तू काढशील? तुझा विश्वास नाही. विश्वास नसलेल्या हाताने उलटी लागायची." शिंप्याकडून सगळे ब्लाउज आत घेऊन आणले. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी काळी साडी घेतली, आणि तिच्यावर मापाचा, अगदी घट्ट बसणारा नवा ब्लाउज शिवला.

मला एकच गोष्ट खटकत होती. वजन उतरलं, तर घाम उतरायला हवा होता. तो वाढला होता. डिसेंबरात आम्ही शाली काढल्या तेव्हा ताई पंख्याखाली बसून निथळत होत्या. बशीत चहा ओतताना बशी वाजायची. दोन जिने चढल्यावर गळ्यापाशी शीर उडताना दिसायची. "ताई, हे वजन तुम्ही उतरवलेलं नाही," मी एक दिवस स्पष्ट सांगितलं. "ते आपोआप उतरतंय. चला." त्या चिडल्या. मी रिक्षा बोलावली.

या वेळी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. बाई होत्या. त्यांनी नाडी धरली, हात पुढे करायला सांगून पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला. कागद पानासारखा थरथरत होता. रक्त तपासून आल्यावर त्यांनी सांगितलं, की गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे. म्हणून उकडतं, म्हणून धडधडतं, म्हणून अंग झडतं. गोळ्या रोज घ्यायच्या, लांबवलं तर हृदयावर ताण येईल. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"वजन परत येईल?"

"येईल की," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या. "चांगलं भरून येईल."

दवाखान्याबाहेरच्या कट्ट्यावर ताई बसल्या. भर उन्हात बसल्या, सावली न शोधता. "हळदीकुंकू होऊन जाऊ दे," म्हणाल्या. "मग सुरू करते."

"आजपासून घ्यायच्या. हृदयाचं म्हणाल्या त्या, ऐकलंत ना?"

"ऐकलं. बहिरी नाही मी."

"मग कशाला थांबायचं? तिळगूळ वाटायला बारीक असावं लागतं का?"

"तुला काय कळणार गं?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तू जन्मभर बारीक."

मी गोळ्या विकत घेतल्या, त्यांच्या फ्रिजवर ठेवल्या आणि भाऊजींना सांगितलं. भाऊजी रोज विचारायचे, "घेतली का?" त्या रोज "घेतली" म्हणायच्या. पाकीट तसंच होतं. मी येता-जाता बघत होते.

हळदीकुंकू त्यांच्याकडे होतं. ताई काळ्या साडीत दारात उभ्या राहिल्या तेव्हा येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यावर थबकत होती. "अय्या, ओळखलंच नाही!" त्यांच्या माहेरची माणसंही आली होती. कोणीतरी कॅमेरा आणला होता. फोटोसाठी सगळ्या गोळा झाल्या आणि ताई कुणी न सांगता पुढच्या रांगेत, मधोमध जाऊन बसल्या. मांडीवर कुणाचंही मूल नव्हतं. मी मागे उभी राहिले.

मग वाणाचं ताट घेऊन त्या उठल्या, आणि मला ताटातल्या वाट्या एकमेकींवर वाजताना ऐकू आल्या. मी पुढे होऊन ताट काढून घेतलं, त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. त्या ओट्याला टेकून खाली बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला. आत काहीतरी बेभान धावत होतं. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "अहो, उत्सवमूर्ती कुठे गेल्या?"

"तिळगूळ संपला, आणतोय!" मी दाराआडून ओरडले.

"घाबरायला होतंय गं," ताई म्हणाल्या.

"होणारच. आधी बसून राहा. मग डॉक्टरांकडे जायचं."

"सगळ्या आल्या ना?"

"आल्या."

"फोटो काढला?"

"दोन काढले."

त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला. मग फ्रिजकडे हात केला. "दे ते पाकीट."

मी गोळी आणि पाणी दिलं, बाहेर जाऊन उरलेल्या बायकांना हळदीकुंकू लावलं, वाणं दिली आणि घर रिकामं केलं. त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुन्हा तपासलं आणि दोघींनाही रागावल्या. मला का, ते मी विचारलं नाही.

पुढे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बशी वाजायची थांबली. ताईंना रात्रीची झोप लागू लागली. होळीच्या सुमारास बांगड्या मनगटावर स्थिरावल्या, आणि उन्हाळा लागला तेव्हा जिन्यातल्या बायका काही विचारेनाशा झाल्या. शिंप्याकडे जायला ताई तयार नव्हत्या. म्हणून एका दुपारी मी ब्लेड आणि सुईदोरा घेऊन त्यांच्याकडे गेले. जमिनीवर बसून आम्ही एकेक ब्लाउज उसवत गेलो, आत घेतलेलं कापड बाहेर सोडत गेलो. ताई दोरे ओढून काढत होत्या आणि गोळा करून एका वाटीत ठेवत होत्या. ढिगाच्या तळाशी तो काळा निघाला. मी शिवणीला ब्लेड लावलं.

"तो राहू दे," त्या म्हणाल्या.

"अहो, पुढच्या संक्रांतीला काय घालाल?"

"दुसरा शिवेन. तो उसवू नकोस."

एरवी मी असल्या कापडाची घरात अडचण होऊ देत नाही. पण ब्लेड खाली ठेवलं, ब्लाउजची नीट घडी घातली आणि तो त्यांच्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिला.