एका पायाचं पॅड

कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाकडे पॅडच्या जोड्या खेळणाऱ्यांपुरत्याच होत्या. नडगीवर बांधायची प्लॅस्टिकची ढाल, आतून फोम, मागे इलॅस्टिकचे दोन पट्टे. बाकावर बसणाऱ्यांसाठी वेगळी जोडी घ्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण आजूबाजूच्या कॉलेजांकडेही ती नव्हती. त्यातून एक रीत पडून गेली होती. बदली व्हायची म्हणजे बाहेर येणारी मुलगी रेषेजवळ वाकायची, पॅड सोडायची आणि आत जाणारीच्या हातात द्यायची. कुणी वाकलं की समोरच्या संघाला कळायचं, ही चालली बाहेर.

महामाया पहिल्या वर्षापासून संघात होती आणि आजवर तिच्यासमोर कुणी वाकलं नव्हतं.

ती वाईट खेळायची असं नाही. पिंपळगाव राजाहून पहाटेची एसटी पकडून ती सरावाला यायची, धावायला दमायची नाही. पण तिच्या जागेवर छकुली होती. छकुलीच्या पायात चेंडू आला की मैदानाबाहेरची चहाची टपरीसुद्धा थांबायची. अशा मुलीला बाहेर कोण काढणार? संघाचे प्रशिक्षक भागवत सर म्हणायचे, "महामाया, तू तयार राहा. कधी गरज पडेल, सांगता येत नाही." ती तयार राहायची. बूट बांधलेले, केस घट्ट, नडग्या उघड्या.

मग बाकावर बसून करायचं काय? पाण्याच्या बाटल्या भरणं तिच्याकडे आलं, चेंडूंची जाळी तिच्याकडे आली, आणि हळूहळू पॅडही. इलॅस्टिक सैल पडलं की पॅड घसरायचं. महामाया आठवडी बाजारातून परकराचं इलॅस्टिक आणायची आणि घरी बसून नवे पट्टे शिवायची. लाल दोऱ्यानं, दुहेरी टाका. तिची आई बेबीताई कापूस वेचून आल्यावर पाय पसरून बसायची आणि त्या ढिगाकडे पाहून म्हणायची, "दुसऱ्याईच्या पायाचं किती करतं वं? तुह्या पायाले कधी बांधतं?"

"बांधीन ना."

"कधी? लगन झाल्यावर?"

महामाया हसायची. सहदेव, तिचे वडील, गवंडी होते. ते हसायचे नाहीत. एक पॅड हातात घ्यायचे, पट्टा ताणून पाहायचे, टाक्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "पक्कं हाय." घरात कामाची याहून मोठी तारीफ नव्हती.

शेवटच्या वर्षी संघ अंतिम सामन्यात गेला. सामना मोताळ्याला, जळगाव जामोदच्या मुलींशी. तो महामायाचा कॉलेजातला शेवटचा सामना. परीक्षा झाली की काकाकडे संभाजीनगरला जायचं, कंपनीत लागायचं, हे घरात ठरूनच गेलं होतं. आदल्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्या महामायाला उतरवणार. शेवटची दहा मिनिटं का होईना." मुलींनी टाळ्या वाजवल्या. छकुलीनं तर तिला मिठी मारली. महामायानं ते घरी सांगितलं. सकाळी सहदेवांनी धुतलेला सदरा घातला.

"कामावर नाही का जात, बाबा?"

"प्लॅस्टर काय पळून जाते?"

मैदान काळ्या मातीचं, पाऊस जाऊन महिने झालेले, भेगा पडलेल्या. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषा भेगांत मुरून जागोजाग तुटलेल्या. सहदेव लिंबाच्या सावलीत उकिडवे बसले. त्यांना खेळातलं कळत नव्हतं. शेजारच्या माणसाला त्यांनी दोनदा विचारलं, आपल्या पोरी कोणत्या अंगाच्या. मग स्वतःहून सांगितलं, "माही पोरगी हाय त्याच्यात. आता ते जाईन आत."

उत्तरार्धात एक-एक अशी बरोबरी झाली. जळगावच्या पुष्पांजलीनं छकुलीला असं धरून ठेवलं होतं की तिला वळायला जागा नव्हती. छकुली जिकडे, पुष्पांजली तिकडे. खेळ संपत आला. महामाया बाकावर बसून सरांच्या पाठीकडे पाहत होती. सर विसरले असतील का? आठवण करून द्यावी का? तिनं बुटाची नाडी पुन्हा घट्ट केली.

तेवढ्यात चेंडू रेषेबाहेर गेला. थ्रो आपला होता, टाकायला कोकिळा. सर वळले आणि मोठ्यानं, पलीकडच्या लिंबापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "महामाया! चल, ऊठ! चेंज!"

तिनं जर्सीवरचं जॅकेट काढलं ते कुठं पडलं, तिला कळलं नाही. ती मध्यरेषेपाशी जाऊन उभी राहिली. समोरून छकुली येत होती, लंगडत, कमरेवर हात ठेवून. लिंबाखाली सहदेव उठून उभे राहिले आणि त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा हलवला. महामायानं ते पाहिलं. हात वर करावा असं तिला वाटलं, पण हात तर पॅड घ्यायला पुढे केलेला होता.

छकुली रेषेच्या आतच वाकली. उजव्या पायाचं पॅड तिनं सोडलं आणि महामायाच्या हातात दिलं. ते गरम होतं. पुष्पांजलीनं सुटकेचा निःश्वास टाकला, छकुलीकडे पाठ केली आणि आपल्या मुलींना ओरडून विचारलं, "हे नवीन कोण हाय वं? कोण धरते हिले?"

महामाया दुसऱ्या पॅडसाठी हात पुढे करून उभी होती.

छकुली दुसऱ्या पायाकडे वाकलीच नाही. ती वळली आणि पळत सुटली. लंगडणं कुठल्या कुठे गेलं. कोकिळानं चेंडू बरोबर तिच्या पुढ्यात टाकला, जणू तो तिथेच पडायचा हे तिला केव्हाचं माहीत होतं. आणि होतंच. पुष्पांजली फिरेपर्यंत छकुली गोलसमोर पोहोचली होती.

गोल झाला. सगळ्या छकुलीच्या अंगावर पडल्या. महामाया रेषेबाहेर उभी होती, एका पायाचं पॅड घेऊन.

मग एकच कालवा उठला. जळगावचे सर मैदानात धावत आले. "ही चिटिंग आहे! पॅड काढलं म्हणजे बाहेर! सगळीकडे असंच चालते का नाही, सांगा!"

"शिट्टी वाजली होती का?" भागवत सर शांतपणे म्हणाले. "मी पंचांकडे बदली मागितली होती का? पोरीचा पाय रेषेच्या आत होता."

"अन् तुम्ही चेंज म्हणून बोंबलले ते?"

"ते तयारीसाठी. पॅडचं इलॅस्टिक तुटलं, म्हणून तिनं ते बाहेर दिलं. तुटलेलं पॅड बांधून खेळेल का ती?"

पंच हिंमतराव निवृत्त क्रीडाशिक्षक होते, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. "हे पाहा," ते म्हणाले, "पट्टा आपोआप तुटला असेल तर गोल खरा. पण बदलीचं सोंग म्हणून पॅड काढलं असेल तर तो खेळ नाही. मी गोल देणार नाही." आणि ते महामायाकडे वळले. "पोरी, पॅड तुझ्याजवळ आहे. इलॅस्टिक तुटलं होतं का?"

पॅड तिनं छातीशी धरलं होतं. पट्टा मुठीत होता, आणि मुठीत तिला स्वतःचा टाका लागत होता, दुहेरी, जसाच्या तसा. सगळ्या संघाचे डोळे तिच्यावर होते. छकुलीचे होते, सरांचे होते. नाही म्हटलं तर गोल जाणार. मग बरोबरीमुळे जादा वेळ खेळावा लागणार, आणि त्या जादा खेळात सर तिला आत घेणार नाहीत, हे आता तिला स्वच्छ कळत होतं. आजच काय, ते कधीच घेणार नव्हते. हो म्हटलं तर सामना इथेच संपणार. दोन्हीकडून ती रेषेच्या बाहेरच होती.

तिनं मान हलवली. हो अशी.

हिंमतरावांनी पॅडकडे पाहिलं. पॅड मागावं असं त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्यांचा हात थोडा पुढे आला. मग तो शिट्टीकडे गेला.

सामना जिंकल्यावर सर तिच्याकडे आले आणि त्यांनी पाठीवर थाप मारली. "आजचा गोल तुझाच बरं का! तुला आधी सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. मला तुझा खरा चेहरा पाहिजे होता." ते हे कौतुकानं म्हणाले. खरोखर कौतुकानं.

"ते चिटिंग म्हणून राह्यले, सर," कोकिळा म्हणाली.

"कायची चिटिंग? कबड्डीत हूल देत नाहीत का? ही हूल."

"हाव ना," छकुली म्हणाली. "अन् महामायाचं तोंड पाह्यलं का तुम्ही? जशी नवरीच उभी!" सगळ्या हसल्या. महामायाही हसली, कारण तिथं दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. हूल समोरच्याला देतात, एवढंच तिच्या मनात येऊन गेलं. ती तर याच बाजूला उभी होती.

नळावर बाटल्या धुताना पुष्पांजली शेजारी आली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं तोंडावर पाणी मारलं आणि महामायाकडे न पाहता विचारलं, "तुले माहीत होतं?"

"नाही."

"खोटारडी."

"खरंच नोतं माहीत. मले वाटलं, मी आत जाऊन राह्यली."

पुष्पांजलीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "मंग पंचाले तसं काऊन नाही सांगितलं?"

बाटली भरून वाहत होती. महामायानं नळ बंद केला. पुष्पांजली ओल्या तोंडानंच निघून गेली.

सहदेव लिंबाखाली वाट पाहत होते. एसटीत खिडकीची जागा त्यांनी तिला दिली. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस वेचून गेलेली पऱ्हाटी उभी होती.  चारचौघांत ऐकलेलं मनात नीट लावून घ्यायला त्यांना वेळ लागायचा.

"आत नाही गेली तू," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"जाऊ दे. सर म्हणत होते, तुह्याच्यामुळं जितलो."  मग जरा संकोचानं, गवंड्यानं दुसऱ्या गवंड्याच्या भिंतीबद्दल बोलावं तसे म्हणाले, "इलॅस्टिक तुटलं म्हणत होते सगळे. मी पाह्यलं होतं ना वं ते? पक्कं वाटलं होतं मले."

पॅड पिशवीत होतं. तिनं ते काढून त्यांच्या हातात दिलं असतं तर एका अंगठ्यानं त्यांना सगळं कळलं असतं. पण मग तिनं मान का हलवली, हेही सांगावं लागलं असतं; आणि आज दुपट्टा त्यांनी नुसत्या सोंगासाठी हलवला होता, तेही.

"सैल राह्यला असंन टाका," ती म्हणाली.

"होते कधीकधी," सहदेव म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या टायमाले तिहेरी घाल."

"हाव, बाबा."