सतारीवर भुलाबाईचं गाणं

सतार शिकायला लागलो तेव्हा मी चांगला पंचविशीचा, दोन लेकरांचा बाप होतो आणि शिकण्याचं कारण हौस नव्हती, राग होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावानं भलतंच पसरवलं. कापसाच्या पैशानं माळ्याला नवाबी सुचली, असं लोक म्हणाले. अमरावतीच्या वेशीबाहेर आमचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू. कापसाचं एक बोंडसुद्धा आम्ही कधी लावलं नाही.

बाकी सगळा वऱ्हाड मात्र तेव्हा कापसानं पिसाळला होता. दूर कुठं तरी लढाई लागली होती, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता आणि आमच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला होता. ज्याच्याकडे गाडी होती त्यानं ती कापसाला जुंपली. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानंही जुंपली. तो तेल्हाऱ्याकडचा, गरीब स्वभावाचा माणूस. अकोल्याच्या वाटेवर गाड्यांच्या रांगेत महामारीनं त्याला गाठलं. कापूस पोचला, गाडी पोचली, तो पोचला नाही. सतराव्या वर्षी बहीण परत आमच्या दारात उतरली. त्या दिवसापासून मी कापसाच्या गादीवर पाठ टेकलेली नाही. आजही घोंगडीवरच झोपतो.

आमच्या घरात राग फक्त आम्हा दोघा भावंडांच्या वाट्याला आला होता. आईबाप अगदी थंड. लहानपणी मी बहिणीच्या भुलाबाईच्या गाण्याची नक्कल केली तर तिनं मला विळा फेकून मारला होता. त्याची खूण माझ्या नडगीवर आहे. आता परत आलेली ती कोणी वेगळीच होती. भाकर खा म्हटलं की ‘बरं’. झोप म्हटलं की ‘बरं’. मी मुद्दाम तिच्या हातची भाजी अळणी आहे म्हणून ताट सरकवलं, तरी ‘बरं’ म्हणून मीठ घेऊन आली. पूर्वी तेच ताट तिनं माझ्या डोक्यावर पालथं घातलं असतं.

भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसली. दरवर्षी आमच्याच अंगणात बसायची, कारण फुलं आमची. मातीच्या भुलाबाई-भुलोजींना झेंडूच्या माळा घालून महिनाभर पोरी रोज संध्याकाळी गाणी म्हणायच्या. त्यातल्या अर्ध्या पोरींना ती गाणी माझ्या बहिणीनंच शिकवलेली. आत्या, म्हणजे बापाची थोरली बहीण, घरात तिचाच शब्द चालायचा. ती बहिणीला म्हणाली, ‘‘आता तू तिथं नको बसू. आत राय.’’

‘‘बरं,’’ बहीण म्हणाली.

त्या ‘बरं’नं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत्यावर ओरडलो, ‘‘गाण्यानं कोनाचं काय बिघडून राहिलं? काहून आत डांबता तिले?’’

आत्या स्वतः विसाव्या वर्षी विधवा झालेली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. ‘‘मले नाही बसवलं आत? मी मेली का?’’

बाहेर पोरी एका गाण्याच्या मधल्या कडव्यावर अडकल्या. सगळ्यांच्या माना आमच्या दाराकडे वळल्या. आत बहीण लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. पोरींनी ते कडवं सोडलं आणि पुढचं धरलं. मी दात-ओठ खात ओट्यावर बसलो आणि तिथंच ठरवलं. तिनं गाण्यात बसू नये असा नियम होता. पण पुरुषानं तेच गाणं तारेवर वाजवू नये असा नियम कोणी केलेला नव्हता, कारण असा येडा आजवर कोणी झालाच नव्हता.

सतार होती ती आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या पिंजाऱ्याकडे. त्याच्या बापाची. त्याला मी चाचा म्हणायचो. कापूस महागला तशी चाचाची कापूस पिंजायची धुनकी मुकी झाली होती. सगळा कापूस बाहेर चालला, नवी गादी भरणार कोण? मी टोपलीभर वांगी त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, ‘‘चाचा, एकच गाणं शिकायचं आहे.’’

‘‘एकच?’’ तो हसला. ‘‘पयले हात बसू दे, बाबू. गाना बाद में.’’

आणि त्यानं माझ्या हातात सतार दिलीच नाही, धुनकी दिली. ती भली मोठी धनुकली, तिची ताणलेली तात, आणि तिच्यावर मारायला लाकडी दस्ता. कुणाच्या तरी जुन्या गादीतला घट्ट झालेला कापूस समोर टाकला आणि म्हणाला, पिंज. प्रत्येक ठोका सारखा पडला पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. कापूस! ज्याचं तोंड पाहायचं नाही तोच कापूस नाकातोंडात जात होता. ‘‘मी गादी भराले नाही आलो, चाचा!’’ मी रोज ओरडायचो. तो रोज म्हणायचा, ‘‘ठोका टेढा पडून राहिला.’’ दोन महिने त्यानं मला पिंजायला लावलं. मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की माझ्याच्यानं इथं लिहवणार नाहीत.

मग सतार हातात आली आणि रागाला नवीन धनी मिळाला. मोटेचा नाडा ओढून माझे तळवे कातड्यासारखे झालेले, पण तारेनं बोटाची टोकं चिरली. एक पडदा दाबावा तर शेजारचीच तार झणझणायची. तार छेडायची नखी बोटातून गळून पडायची. रात्रीपुरती उतरवलेली खुंटी सकाळी पुन्हा जागेवर येईना. एकदा मी सतार उचलून भिंतीवर आपटायला निघालो होतो. चाचा शांतपणे म्हणाला, ‘‘मार. मग सहा महिने पुन्हा धुनकी.’’ मी खाली ठेवली.

खरी अडचण वेगळीच होती. भुलाबाईची गाणी पोरींची. चाचानं ती कधी ऐकलेली नव्हती. मी ऐकली होती, पण भिंतीपलीकडून आणि नावं ठेवत. बहिणीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘ते मधलं कडवं कसं आहे ग?’’

‘‘मले नाही आठवत,’’ ती म्हणाली. तिला न आठवणं शक्यच नव्हतं. मग मी मधलं कडवं सोडून बाकीचं मनाला येईल तसं जुळवलं, चाचानं ठोका धरला आणि आम्ही दोघं अडाणी मिळून ते गाणं उरलेलं वर्ष घोटत बसलो.

पुढच्या भादव्यात भुलाबाई पुन्हा बसली. दिवेलागणीला पोरी जमल्या, त्यांच्या आया जमल्या. बहीण आत गेली. आत्या दाराशी बसली. पोरींचं पहिलं गाणं संपलं तसा मी सतार घेऊन ओट्यावर आलो. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या बायकोनं कपाळाला हात लावला. मी कोणाकडे पाहिलं नाही. नखी चढवली आणि सुरू केलं.

पहिली ओळ वाजली. दुसरी वाजली. एकही सूर गाळला नाही. मी पुन्हा पहिल्यापासून धरलं, जरा जोरात, म्हणजे आत ऐकू जावं. आत काहीच हालचाल नव्हती. माझे डोळे भरून आले आणि त्या डोळ्यांचाही मला राग आला. मी तिसऱ्यांदा सुरू केलं, आणखी जोरात.

‘‘बंद कर!’’

बहीण दारात उभी होती. मुठीत लसूण, पदर खांद्यावरून घसरलेला, चेहरा लालबुंद.

‘‘भुलाबाईची गादी भरून राहिला का तू?’’ ती ओरडली. ‘‘ठोक-ठोक, ठोक-ठोक! इतकं धोपटते का कोनी तिले? झोका आहे तो, झोका! आनं मधलं कडवं कोन खाल्लं?’’

मला तेव्हा कळलं. दोन महिन्यांची धुनकी माझ्या मनगटात बसली होती आणि मी झुलत जाणारं गाणं पिंजून काढत होतो.

‘‘आत जा,’’ आत्या म्हणाली.

‘‘नाही जात.’’ ती आत्याकडे वळली. ‘‘यानं वाटोळं करून ठेवलं गान्याचं, मी काय आत बसून ऐकू? आधी याले नीट शिकवते, मग तुमाले काय बोलाचं ते बोला.’’

आणि उंबरठ्यावर बसून, तळव्यानं चौकटीवर ठेका धरून, तिनं ते गाणं मोकळ्या गळ्यानं म्हटलं. मधल्या कडव्यासकट. दोन बायका उठल्या, आपापल्या पोरींचे हात धरून फाटकाकडे निघाल्या. अपशकून, असं काहीतरी पुटपुटल्या. माझं डोकं फिरलं. सतार बाजूला ठेवून मी त्यांच्यावर तोंड सोडणार, एवढ्यात लसणाची अख्खी कांडी येऊन माझ्या कपाळावर बसली.

‘‘तिकडं काय पाहून राहिला? तारेकडे पाह!’’

कपाळ चांगलंच चुरचुरलं. आत्या दाराकडे पाठ करून बसली, पण उठून गेली नाही. उरलेल्या पोरी हळूहळू उंबरठ्याजवळ सरकल्या. मी पुन्हा नखी चढवली. त्या संध्याकाळी बहिणीनं मला चार वेळा थांबवलं, चार वेळा गाढव म्हटलं, आणि एकदाही ‘बरं’ म्हणाली नाही.