देवापुढं बोललेलं

चुडाव्याला मी नर्स म्हणून आले आणि निवृत्त झाल्यावर तिथंच राहिले. नवरा गेला, मूलबाळ नाही. भाऊ नांदेडला बोलवत होता, पण अर्धं गाव माझ्या हातावर जन्मलेलं, ते सोडून जायचं कुठं? शिवाय मला शांतता आवडते. घरात घड्याळाशिवाय कोणी बोलत नसे आणि माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती देवाकडे. रोज सकाळी गुडघे टेकले की मी विचारायची, प्रभू, नोकरी होती तोवर कुणाच्या तरी कामी यायचे, आता मला कशाला ठेवलंयस? उत्तर येत नसे. मग मी उठून चहा ठेवायची.

दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्या घरी प्रार्थना असते. पूर्णेहून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या चारदोन बायका येतात. गल्लीतल्या हिंदू बायकाही दाराशी येऊन बसतात. कुणाचा गुडघा धरलेला असतो, कुणाचा नवरा पीत असतो. आधी सगळ्यांच्या विनंत्या ऐकून घ्यायच्या आणि मग एकीनं त्या मोठ्यानं देवापुढं मांडायच्या, ही आमची पद्धत. मांडायचं काम बहुधा माझ्याकडे येतं. नर्सच्या सवयीनं मी घर, गल्ली, दुखणं कधीपासूनचं, सगळं सांगते. पाळकसाहेब एकदा हसत म्हणाले, "बाई, देवाला पत्ता माहीत असतो." असेल माहीत. सांगितलेलं बरं.

दिवाळी झाल्यावर मागच्या गल्लीतली एक बाई आली. ती आणि तिचा नवरा दर साल ऊसतोडीला जातात. त्यांची थोरली मुलगी दहावीला होती. आजवर आईबाप गेले की सासू मुलीला सांभाळायची, म्हणून तिची शाळा टिकली होती. सासू श्रावणात वारली. आता मुलीला एकटं ठेवता येईना, आणि सोबत न्यावं तर शाळा सुटणार. शाळा सुटली की पुढच्या वर्षी लग्न, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. "पोरीसाठी मागा," एवढंच ती म्हणाली.

मी मागितलं, आणि जीव तोडून मागितलं. प्रभू, ह्या लेकराला कुठंतरी छप्पर दे, दोन वेळची भाकर दे, अभ्यासाला दिवा दे, लक्ष ठेवणारं कुणी माणूस दे. सगळ्या बायकांनी आमेन म्हटलं. मलाही बरं वाटलं. देवाच्या गळ्यात काम घातलं की माणसाला बरं वाटतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बाई उभी. मागं मुलगी, तिच्या डोक्यावर वळकटी, आणि ओट्यावर ज्वारीचं पोतं.

"आमची गाडी दुपारच्याला हाय," ती म्हणाली. "पोरीला आणलं."

"इथं कशाला?"

"तुमीच तर काल देवापुढं बोलल्या."

"अगं, मी देवाकडं मागितलं. मी देते असं कुठं म्हटलं?"

ती जराही गोंधळली नाही. तिच्या हिशेबी देवापुढं बोललं तो नवस, आणि नवस बोलणाऱ्यानंच फेडायचा असतो. "छप्पर हाय, दिवा हाय, माणूसबी हाय," माझ्या घरात डोकावत ती म्हणाली. "अजून देवानं काय पाठवावं?"

आम्ही ख्रिस्ती लोक नवस बोलत नाही, देवाशी सौदा करत नाही, हे मी तिला बरंच समजावून सांगितलं. ती सगळं ऐकत होती आणि ऐकता ऐकता पोतं आत ओढत होती.

तर असं माझ्या घरात दहावीचं वर्ष आलं. मुलगी पाठ करायची ते ओरडून. मनात वाच म्हटलं तर म्हणायची, "मावशी, मनात वाचलं की झोप यायलीय." भांडी घासताना गाणी, केस विंचरताना इतिहास. मी चिडायची, तिच्यावर खेकसायची, आणि शाळेतून यायला उशीर झाला की रस्त्यावर जाऊन उभी राहायची. गावात काहीजण म्हणाले, बाई पोरीला बाटवणार. मंडळीतली एक बहीण म्हणाली, घरात असून पोरगी प्रार्थनेला कशी बसत नाही? दोघांनाही मी एकच सांगितलं, ती अभ्यासाला आलीय. पोखर्णीचा नरसिंह त्यांचा देव, म्हणून ती शनिवारचा उपास धरायची. मी भगर करून द्यायची आणि तिच्याबरोबर मीही खायची. माझं त्यात काही गेलं नाही.

परीक्षा तोंडावर आली आणि तिचा बाप आला.

बायको उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना घसरली होती. पाय सुजला होता. नवराबायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात. त्यातलं एक माणूस बसलं की काम थांबतं. "पोरीला न्यायला आलो," तो म्हणाला. "मोळ्या बांधायला तरी व्हईल." त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती. मला त्याचा राग यावा असं काही त्यानं केलं नव्हतं, ते जास्त अवघड होतं.

मुलगी आत गेली आणि पिशवी भरायला लागली. एरवी मी लगेच डोळे मिटून प्रार्थना केली असती, पण सुचेचना. मी नुसती दारात उभी राहिले आणि तोंडातून आलं ते असं:

"तुझ्या बायकोसमोर मी देवापुढं बोललेय. पोरीची परीक्षा होईपर्यंत छप्पर, भाकर, दिवा. हा माझा नवस आहे. तो अर्धा टाकून पोरीला नेणार असशील तर ने. पण मग राहिलेला कुणी फेडायचा ते मला सांगून जा."

पाळकसाहेबांनी ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

तो ओट्यावर टेकला. मी चहा दिला, तो त्यानं हातातच धरून ठेवला. मग म्हणाला, "तुमचा देव लय कडक हाय का?"

"नाही. फार दयाळू आहे."

"आमचा हाय कडक," तो म्हणाला. "अर्धा नवस घरात आणायची माझी छाती न्हाई." धाकट्या भावाला कामावर नेतो म्हणाला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्टेशनाकडे गेला. चहा तसाच राहिला.

मी चुलीपाशी जाऊन बसले आणि मला रडू आलं. काय म्हणून रडत होते? मुलगी राहिली म्हणून, आणि देवानं माझ्याच तोंडून मला बांधून घेतलं म्हणून. इतके आभार एका वेळी मनात मावत नव्हते. मुलगी पिशवीतले कपडे परत फळीवर लावत होती.

"तू का नाही बोललीस गं काही?" मी विचारलं.

"मला वाटलं तुमी पाठवताल."

"मी कशाला पाठवीन?"

"तुमाला शांतता आवडती न्हवं का," ती म्हणाली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. देवानं मला माझी आवड विचारली नाही, त्याचे फार उपकार आहेत. मी डोळे पुसले आणि तिला म्हटलं, पुस्तक उघड, आणि मोठ्यानं वाच.